गोधडीला चिंध्यांचा भाव का?



उल्हास नदीला पूर येतो तेव्हा ती घरातील वस्तूंमध्ये निवड करीत नाही. धान्याची कणगी, शिलाईचे यंत्र, मुलांची पुस्तके आणि फळीवर घडी घालून ठेवलेल्या गोधड्या, सर्वांवर ती सारखीच चढते. निवड होते ती पाणी ओसरल्यानंतर, आणि ती होते कागदावर. कोणत्या वस्तूला किती मोल द्यावयाचे, हे तेथे ठरते. या दुसऱ्या प्रसंगाविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. पहिला प्रसंग आपल्या हाती नाही. दुसरा बऱ्याच अंशी आहे, आणि तरीही आपण त्याकडे दुर्लक्ष करतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील न्यायालयांत मी अनेक वर्षे वकिली करीत आहे. काही पावसाळ्यांपूर्वी कर्जत तालुक्यातील नदीकाठच्या एका वस्तीतील एक बाई माझ्याकडे आल्या. त्या गोधड्या शिवतात. आईकडून शिकलेले काम. इकडे शेतघरे आणि पाहुण्यांची निवासस्थाने वाढली, तशी शहरातून येणारी माणसे त्यांच्याकडून गोधड्या विकत नेऊ लागली. बचत गटामार्फत त्यांनी बँकेचे कर्ज काढले. बँकेने कर्जाबरोबर विमा उतरवून घेतला. विमापत्रावर मालाचे वर्णन तीन शब्दांत होते: "शिलाई यंत्र, कापड". त्या पुरात त्यांच्या 14 गोधड्या चिखलात गेल्या. प्रत्येकीची विक्रीची किंमत 3,500 रुपये. एकूण 49,000 रुपये. नुकसान पाहण्यास आलेल्या सर्व्हेअरने अहवालात लिहिले: "जुने अंथरूण-पांघरूण, नग 14, प्रत्येकी रुपये 150". झाले 2,100 रुपये.

त्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, नवी रजई असती तर तिला दुकानाचा भाव मिळाला असता. माझ्या हाताने केलेली आहे म्हणून ती चिंधी झाली का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी त्यांच्या घरातील कागद तपासले. पाच गोधड्यांच्या मागणीच्या पावत्या सापडल्या. गिऱ्हाइकाचे नाव, माप, ठरलेली किंमत आणि घेतलेली आगाऊ रक्कम त्यांवर होती. उरलेल्या नऊ गोधड्यांचा एकही कागद नव्हता. आम्ही लेखी हरकत घेतली. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर विमा कंपनीने पाच गोधड्यांचे 17,500 रुपये मान्य केले आणि नऊंचे 1,350 रुपये कायम ठेवले. एकूण 18,850 रुपये. हात तेच, सुई तीच, पूरही तोच. ज्यांची पावती होती त्या गोधड्या ठरल्या. ज्यांची नव्हती त्या चिंध्या राहिल्या.

हा अन्याय आहे काय? निश्चित आहे. परंतु अन्याय झाला एवढे म्हणून स्वस्थ बसणे हे वकिलाचे काम नव्हे, आणि आपलेही नव्हे. हा अन्याय कोणत्या फटीतून आत आला, ते पाहिले पाहिजे.

विम्याचा मूळ सिद्धांत असा की, ज्याचे जेवढे नुकसान झाले तेवढे भरून द्यावे. त्याहून अधिक नाही आणि कमीही नाही. विमा हा लाभाचा धंदा नव्हे, ती भरपाई आहे. हा सिद्धांत न्याय्य आहे. त्यात घोटाळा होतो तो "नुकसान किती" हे मोजताना. वापरातील वस्तूची किंमत काढताना तिच्या वयाप्रमाणे घसारा वजा करण्याची रीत आहे. दहा वर्षे वापरलेल्या पंख्याला नव्या पंख्याचा भाव मिळू नये, हे आपल्यालाही पटेल. परंतु हाच नियम डोळे झाकून गोधडीला लावला म्हणजे विपरीत घडते. गोधडी जुन्या लुगड्यांची आणि धोतरांचीच असते. पुष्कळ धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड हाच तिचा कच्चा माल. नव्या कोऱ्या खळीच्या कापडाची गोधडी अंगाला टोचते, हे कोणतीही आजी सांगेल. तेव्हा कापडाचा जुनेपणा हा गोधडीतील दोष नसून तिचा घटक आहे. कापड वीस वर्षांचे असले तरी गोधडी काल पुरी झालेली असू शकते. घसारा मोजावयाचा तर तो गोधडी शिवून झाल्याच्या दिवसापासून मोजावा, लुगडे विकत घेतल्याच्या दिवसापासून नव्हे. हा मुद्दा आपण स्वतः मांडला नाही तर दुसरा कोणी आपल्यासाठी मांडणार नाही.

आता गोधडीच्या किमतीचा हिशेब करून पाहू. समजा, एका मोठ्या गोधडीस धावदोऱ्याचे 60 तास लागतात. ताशी 50 रुपये, म्हणजे आठ तासांचे 400 रुपये, ही काही चैनीची मजुरी नव्हे. मजुरी झाली 3,000 रुपये. कापड, अस्तर आणि दोरा यांचे 500 रुपये धरा. गोधडी 3,500 रुपयांची झाली. यात कसबाचा वेगळा दाम नाही, रंगसंगतीचा नाही, आईने शिकविलेल्या टाक्याचा नाही. सर्व्हेअरने लिहिलेले 150 रुपये हे केवळ कापडाच्या वजनाचे होते. त्याने 60 तास शून्य रुपयांना मोजले. आपल्या पूर्वजांच्या श्रमाला गावगाड्यात असेच शून्य रुपयांत मोजले जात होते. म्हणून या शून्याकडे आपण इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथे गुलामांच्या वंशातील कृष्णवर्णी स्त्रिया पिढ्यान्पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. तेथील रहिवासी मतदार म्हणून नाव नोंदविण्यास नदीपार जाऊ लागले, तेव्हा 1962 मध्ये त्यांची नावच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू होण्यास 2006 साल उजाडले. त्याच भागातील स्त्रियांनी 1966 मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि आपल्या गोधड्या संघटितपणे विकण्यास प्रारंभ केला. पुढे 2002 मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि 2006 मध्ये त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. जी वस्तू थंडी घालविण्याचे साधन म्हणून कवडीमोल समजली जात होती, ती कलाकृती ठरली. गोधडी बदलली नव्हती. तिची नोंद, तिचे नाव आणि तिचा भाव सांगणारी संघटना, एवढेच नव्याने आले होते.

आता आपल्या देशातील कायद्याची सध्याची तरतूद पाहू. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि लहान उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' अशी प्रमाणित विमापत्रे लागू केली. पहिले राहत्या घरासाठी व घरातील सामानासाठी आहे. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे इत्यादी आपत्तींपासून त्यात संरक्षण मिळते. घराच्या इमारतीचा विमा उतरविला असेल तर त्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख रुपये, एवढे सर्वसाधारण सामान वेगळे न सांगताही त्यात येते. दागिने, चित्रे, कलावस्तू, मूल्यवान गालिचे यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी मात्र स्वतंत्र निवड करावी लागते, आणि त्यांचा विमा "मान्य मूल्य" या पद्धतीने उतरविला जातो. म्हणजे, वस्तूची किंमत आधीच दोन्ही पक्षांनी मान्य करावयाची. मागाहून वाद नाही. अशा वस्तूंची एकूण रक्कम 5 लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत 1 लाखापर्यंत असेल, तर मूल्यांकनाचा दाखलाही आणावा लागत नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. मौल्यवान वस्तूंच्या त्या यादीत गोधडीचे नाव नाही. आजीच्या हातची, घरात जपून ठेवलेली गोधडी आपल्याला कलावस्तू म्हणून सुरक्षित करावयाची असेल, तर विमा उतरवितानाच तिचे वर्णन आणि किंमत वस्तूंच्या यादीत लिहून घेतली पाहिजे. लिहिले नाही तर ती "अंथरूण-पांघरूण" होणार, हे गृहीत धरा.

विकण्यासाठी शिवलेल्या गोधड्यांची गोष्ट वेगळी. त्या घरात ठेवलेल्या असल्या तरी तो धंद्याचा माल आहे. त्यासाठी सूक्ष्म उद्योगाचे विमापत्र घ्यावे आणि तेथे "कापड" असा मोघम शब्द चालू देऊ नये. "हाताने शिवलेल्या तयार गोधड्या, अर्धवट गोधड्या, कच्चे कापड व दोरा" असे तीन स्वतंत्र रकाने लिहून घ्यावेत. शिवाय आपल्यापैकी पुष्कळजणी गिऱ्हाइकाने दिलेल्या, त्याच्या आईच्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून देतात. ती लुगडी आपली नव्हेत. ती विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली आहेत. दुसऱ्याचा ठेवलेला माल आणि कलावस्तू यांचा विशेष उल्लेख नसेल तर धंद्याच्या विम्यात त्या वगळल्या जाण्याची भीती असते. तो उल्लेख मागून घ्या आणि लेखी घ्या.

दुसरा खड्डा आहे तो कमी रकमेच्या विम्याचा. हप्ता वाचावा म्हणून आपण 1,00,000 रुपयांचा माल 40,000 रुपयांचा सांगतो. पुरात 50,000 रुपयांचा माल जातो. आपल्याला वाटते, 40,000 तरी मिळतील. मिळतात 20,000. कारण आपण मालाचा 40 टक्के भागच विम्याखाली आणलेला असतो, म्हणून नुकसानीचाही 40 टक्के भागच कंपनी देते. उरलेल्या भागाचे विमेदार आपण स्वतः ठरतो. सूक्ष्म उद्योगाच्या विमापत्रात 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे; त्यापुढे हा नियम लागतो. तेव्हा आपल्याच श्रमाची किंमत आपणच कमी सांगितली, तर कायदा आपल्याला आपल्याच शब्दात पकडतो.

"सरकार मदत देईलच" असे म्हणणारे काही बांधव आहेत. आपत्तीनंतरची मदत हा आपला हक्क आहे आणि तो आपण मागितलाच पाहिजे. परंतु तिचा आकार समजून घ्या. 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठीच्या केंद्रीय निकषांत, घर वाहून गेलेल्या वा पूर्ण पडलेल्या कुटुंबास कपड्यांसाठी 2,500 रुपये आणि भांडी व घरसामानासाठी 2,500 रुपये ठरविले होते. कारागिराच्या कच्च्या अथवा तयार मालासाठी प्रत्येकी 5,000 रुपये. राज्य शासन प्रसंगी यात भर घालते. तरीही ही मदत आहे, भरपाई नव्हे. ती सर्वांना सारखी असते, आणि कोणाचे किती गेले हे ती विचारीत नाही.

खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर कोसळला. 27 मृतदेह हाती आले आणि 57 माणसे बेपत्ता राहिली. जेथे माणसेच गेली तेथे वस्तूंचा हिशेब मांडण्यास जीभ धजत नाही. तथापि त्या रात्रीने आपल्याला एक गोष्ट शिकविली आहे: आपण ज्या डोंगरांच्या पायथ्याशी आणि ज्या नद्यांच्या काठी राहतो, तेथे आपत्ती ही दूरची गोष्ट नाही. जे वाचतात त्यांना दुसऱ्या दिवसापासून पुन्हा संसार मांडावा लागतो. आणि रिकाम्या हातांनी तो मांडावा लागू नये, एवढीच विम्याची मर्यादित पण खरी कामगिरी आहे.

यावर तीन आक्षेप मी नेहमी ऐकतो.

पहिला असा की, आईच्या मायेची किंमत कशी करावयाची? करूच नये. मायेचा विमा उतरत नाही, आणि कोणतेही न्यायालय आठवणीचा मोबदला ठरवून देत नाही. आपण विमा उतरवितो तो श्रमाचा, कसबाचा आणि बाजारभावाचा. आईच्या लुगड्याचे मोल मनात ठेवा. आईच्या 60 तासांचे मोल कागदावर लिहा. ते लिहिले नाही म्हणजे तिचा मान राहिला असे होत नाही.

दुसरा आक्षेप हप्त्याचा. पोट भरण्याची भ्रांत असलेल्या घराने हप्ता कोठून भरावा? हा आक्षेप खरा आहे, आणि तो हसण्यावारी नेणारा मनुष्य सुखवस्तू असला पाहिजे. ज्या घरात दोनच गोधड्या आहेत आणि त्या रोज अंगावर आहेत, त्यांनी विम्याच्या आधी धान्याचा विचार करावा, असेच मी सांगेन. परंतु जी बहीण गोधड्या विकते, तिने हप्ता हा मालाच्या खर्चाचाच भाग धरून किमतीत मिळवावा, जसा ती दोरा धरते. आणि ज्यांनी कर्ज काढले आहे त्यांच्याकडून हप्ता बहुधा घेतला जातोच. त्यांनी निदान त्या विमापत्रावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे.

तिसरा मोह उलट दिशेचा आहे: किंमत वाढवून सांगण्याचा. त्याला मी स्पष्ट विरोध करतो. विम्याचा करार परम सचोटीवर उभा असतो. खोटी वस्तू वा फुगविलेली किंमत दाखविली तर संपूर्ण दावा बुडतो, आणि पुढल्या खऱ्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. खरे मोल मागण्याचा अधिकार ज्याने खरे सांगितले त्यालाच आहे. तसेच उंदरांनी कुरतडणे, कसर लागणे, ओलीने हळूहळू कुजणे यांना हा विमा लागू होत नाही. तेथे कडुलिंबाचा पाला आणि ऊनच उपयोगी.

आता काय करावे ते थोडक्यात सांगतो. एक वही घाला. प्रत्येक गोधडीला क्रमांक द्या; तो कोपऱ्यात दोऱ्यानेच शिवा. वहीत माप, कापड, लागलेले तास, पुरी झाल्याची तारीख आणि किंमत लिहा. फुटपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्या. विक्रीची पावती, ती दहा ओळींची का असेना, दोन प्रतींत करा. बचत गटाने आपल्या सभेत वर्षातून एकदा गोधड्यांचे दर ठरवून ठराव लिहावा. प्रदर्शनात विक्री झाली असेल तर तिची पावती जपावी. हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचे कारागीर ओळखपत्र मिळत असेल तर घ्यावे. वहीची एक प्रत उंचावरच्या गावातील नातलगाकडे ठेवा. पुरात गोधडीबरोबर वहीही गेली तर उपयोग काय? आणि विमापत्र जिच्या हातांनी वस्तू घडते तिच्या नावाने असावे. घर नवऱ्याच्या नावावर असेल. सुई बाईच्या हातात आहे.

आपत्ती आलीच तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, धुण्यापूर्वी छायाचित्रे काढा, आणि कुजलेली गोधडीसुद्धा सर्व्हेअर येईपर्यंत टाकू नका. सर्व्हेअरचा अहवाल हा ब्रह्मवाक्य नव्हे. तो अंतिम व बंधनकारक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात सांगितले आहे. "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" अशा कागदावर वाचल्याविना सही करू नका. दडपणाने वा फसवून घेतलेली अशी सही दाव्याच्या आड येत नाही, असे अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या 1999 च्या निकालात म्हटले आहे खरे. पण दडपण होते हे मग आपल्याला सिद्ध करावे लागते.

कंपनीने ऐकले नाही तर प्रथम तिच्याकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात समाधानकारक उत्तर आले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. हे मी वकील असून सांगतो. दुसरा मार्ग अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. "तुम्ही धंदा करता, म्हणून ग्राहक नाही" असे कोणी म्हणाल्यास घाबरू नका. धंद्याचा विमा उतरविला एवढ्यावरून ग्राहकपण जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात दिला आहे.

शेवटी एक स्मरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले, तेव्हा त्यात विमा हा शासनाच्या मक्तेदारीचा विषय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीने उतरविला जावा, असे कलम घातले. पुढे 1956 मध्ये आयुर्विम्याचे आणि 1973 च्या प्रारंभापासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. 2000 पासून खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. ती मक्तेदारी आज नाही. परंतु त्या कलमामागचा विचार जुना झालेला नाही: संकटाच्या दिवशी कष्टकरी माणसाने दयेवर नव्हे, करारावर उभे राहावे.

त्या बाई अजून गोधड्या शिवतात. गेल्या वेळी भेटल्या तेव्हा त्यांनी मला आपली वही दाखविली. पहिल्या पानावर क्रमांक एकची गोधडी होती. पुढे माप, तास 62, किंमत 3,800. मी विचारले, "दर वाढविला?" त्या म्हणाल्या, "नाही साहेब. आधी मोजलाच नव्हता."

वाचकहो, येत्या पावसाळ्यापूर्वी आपणही मोजा.